कन्सोलचा तक्ता पुन्हा मांडावा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत व्हिडिओ गेमच्या कन्सोलचा इतिहास सांगणारा पानभर लेख वाचला. लेख मेहनतीने लिहिलेला आहे, चित्रंही छान आहेत. माझी तक्रार सोबतच्या तक्त्याबद्दल आहे. त्यात टीव्हीला जोडायचे कन्सोल आणि हातात धरून खेळायचे कन्सोल एकाच रांगेत उभे केलेत, आणि किती बिट, किती मेगाहर्ट्झ, किती रंग या तीन रकान्यांवर सगळ्यांचा निकाल लावून टाकलाय. होडीला चाकं किती, असा रकाना काढला की होडी हरणारच. लेखकाने निष्कर्षही तसाच काढलाय: हातातला कन्सोल म्हणजे त्या त्या काळातल्या घरच्या कन्सोलची गरीब आवृत्ती, आणि २०१७ मध्ये टीव्हीलाही जोडता येणारा आणि हातातही धरता येणारा निन्टेन्डोचा स्विच आला तेव्हा कुठे ही उणीव भरून निघाली.

मी तंत्रशाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. रेडिओ उघडला तर पोरं जांभया द्यायची, निन्टेन्डोचा हातातला गेम बॉय उघडला की टेबलाभोवती गर्दी. त्यामुळे जुने कन्सोल वर्गात बरेच उघडले गेले. या यंत्रांकडे मी खेळाडू म्हणून कमी आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन जास्त पाहिलंय, आणि हे पत्रही त्याच बाजूने लिहिते आहे.

आधी तुमच्याच रकान्यांचं बघू. निन्टेन्डोच्या घरच्या एनईएसपुढे १.७९ मेगाहर्ट्झ लिहिलंय आणि १९८९ च्या गेम बॉयपुढे ४.१९. दोन्ही आकडे बरोबर आहेत (एक मेगाहर्ट्झ म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचे सेकंदाला दहा लाख ठोके). मग त्याच हिशेबाने गेम बॉय दुपटीहून वेगवान ठरायला हवा. लेखात मात्र त्याला ‘मंद’ म्हटलंय! खरी गोष्ट अशी, की गेम बॉयच्या प्रोसेसरला साध्यात साधी सूचना पार पाडायलाही घड्याळाचे चार ठोके लागतात आणि एनईएसच्या प्रोसेसरला दोन. भागाकार करून बघा, दोघेही सेकंदाला दहा लाख सूचनांच्या आसपास येतात. म्हणजे दोघांत फारसा फरक नाही. कामाच्या मेमरीत तर गेम बॉयकडे ८ किलोबाइट होते आणि एनईएसकडे २. हे ऐकलं की विद्यार्थी हटकून विचारायचे, ‘मग बाई, गेम बॉयचा खेळ इतका साधा का दिसतो?’ हा प्रश्न लेखकाने स्वतःला विचारला असता तर तक्ता वेगळा निघाला असता.

उत्तर प्रोसेसरमध्ये नाही, पडद्यात आणि सेलमध्ये आहे. घरच्या कन्सोलला पडदा उसना मिळतो आणि वीज भिंतीतून. बनवणाऱ्याने या दोन गोष्टींची फिकीरच करायची नसते. हातातल्या यंत्राला दोन्ही स्वतःच्या पोटात घेऊन फिरावं लागतं.

गेम बॉय उलटा करून मागची पट्टी वाचा. तिथे ६ व्होल्ट आणि ०.७ वॅट असं छापलेलं असतं. पाऊण वॅटही नाही! एवढ्यात पडदा, आवाज आणि खेळ सगळं भागवायचं. हे जमलं कारण त्या पडद्याला स्वतःचा दिवाच नव्हता. १६० गुणिले १४४ ठिपके, हिरवट-पिवळ्या रंगाच्या फक्त चार छटा. बाहेरचा उजेड काचेतून आत जातो, मागच्या चंदेरी थरावर आपटून परत येतो आणि तोच आपल्याला चित्र दाखवतो. उन्हात धरलात तर चित्र आणखी स्वच्छ दिसतं. अंधारात मात्र काहीच नाही, मग छोट्या दिव्यांची जोडणी विकत घ्यायची. (हौशी लोक आजही तो चंदेरी थर सोलून मागे दिवा बसवतात. सोलताना घाई केली तर काच तडकते, हे ज्यांना करून बघायचंय त्यांना सांगून ठेवते.) त्या पडद्याचे ठिपके आळशी होते. काही वेगाने सरकलं की मागे सावली उरायची. म्हणून चांगल्या खेळांनी आपली चालच त्याप्रमाणे बेतली. अमेरिकेत गेम बॉयसोबत टेट्रिस दिला गेला तो या पडद्यासाठीच जन्मल्यासारखा होता: मागचं चित्र स्थिर, एका वेळी एकच तुकडा खाली येतोय, रंगाची गरज नाही. लेखात ‘टेट्रिसमुळे गेम बॉय चालला’ एवढंच म्हटलंय. ते खोटं नाही, पण अर्धं आहे.

आता त्याच वेळचे प्रतिस्पर्धी बघा. अटारीचा लिंक्स त्याच १९८९ चा: रंगीत पडदा, मागे दिवा, चित्र लहान-मोठं करण्याची सोय थेट हार्डवेअरमध्ये, शिवाय डावखुऱ्यांसाठी यंत्र उलटं धरून खेळायची सोय. हे शेवटचं मला फार आवडतं, मी स्वतः डावखुरी आहे. सेगाचा गेम गिअर १९९० चा. त्याचा पडदाही मोजून १६० गुणिले १४४ ठिपक्यांचाच, पण ४०९६ रंगांतून निवडलेले ३२ रंग एका वेळी दिसायचे. तुमच्या तक्त्यात हे दोघे गेम बॉयच्या कितीतरी वर आहेत. आता पेन्सिल सेलचा रकाना आखा. गेम बॉयला चार सेल, त्यावर साधारण १५ तास. लिंक्स आणि गेम गिअरला सहा-सहा सेल, त्यावर चार तासांच्या आसपास. साठ तास खेळायचं म्हटलं तर गेम बॉयला १६ सेल पुरतात, बाकीच्या दोघांना प्रत्येकी ९० लागतात. रंगीत पडद्यामागे एक छोटी फ्लुरोसंट नळी जळत असते, ती हे सगळं खाते. गेम बॉय आणि त्याचा रंगीत भाऊ मिळून ११ कोटी ८० लाखांहून अधिक विकले गेले. गेम गिअर कोटीच्या थोडा पुढे जाऊन थांबला, आणि लिंक्स तेवढाही नाही.

गेम बॉय ज्यांच्या हाताखाली घडला ते गुन्पेई योकोई. नव्यातलं नवं तंत्रज्ञान शोधण्यापेक्षा मुरलेलं, स्वस्त झालेलं, खोडी कळून चुकलेलं तंत्रज्ञान घ्यायचं आणि ते कुणी वापरलं नसेल अशा जागी वापरायचं, ही त्यांची रीत. कॅल्क्युलेटरचा एलसीडी पडदा त्यांनी १९८० मध्ये गेम अँड वॉचमध्ये आणला. त्यात एकच खेळ आणि जोडीला घड्याळ. १९८२ मध्ये त्याच मालिकेत घडीचा डाँकी काँग निघाला. घडी मिटायची तर उभी दांडी बसवता येईना. म्हणून योकोईंनी चार दिशांचं एक चपटं अधिक चिन्ह बसवलं. ते पुढच्याच वर्षी जपानमधल्या फॅमिकॉमच्या कंट्रोलरवर गेलं, फॅमिकॉमचंच पुढे एनईएस झालं, आणि आज जवळजवळ कुठलाही कंट्रोलर उचला, अंगठ्याखाली ते असतंच. ‘गरीब आवृत्ती’ने घरच्या कन्सोलला दिलेली ही देणगी लेखात एका ओळीनेही नाही. त्याच डाँकी काँगला एकावर एक असे दोन पडदे होते. निन्टेन्डोचा २००४ चा दोन पडद्यांचा डीएस ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको.

घरच्या कन्सोलवर माझा राग मुळीच नाही. त्यांच्या अडचणीही टीव्हीने घडवलेल्या आहेत, आणि उघडून बघणाऱ्याला त्या तितक्याच आवडतात. १९७७ चा अटारी २६०० घ्या. १२८ बाइट मेमरी. किलोबाइट नव्हे, बाइट! या पत्रातलं एक मधलं वाक्यही त्यात मावणार नाही. अख्खं चित्र साठवून ठेवायला जागाच नाही, म्हणून टीव्हीचा किरण डावीकडून उजवीकडे जात असताना प्रोग्रॅमने त्याच्या सोबत धावत रेघ रंगवायची. एका रेघेला प्रोसेसरचे ७६ ठोके मिळायचे. तेवढ्यात आटपलं नाही तर चित्र फाटलं. गुण मोजणं, टक्कर तपासणं, ही बाकीची कामं किरण खालून पुन्हा वर जाईपर्यंतच्या उसंतीत उरकायची. अशा यंत्रावर लोकांनी पंधरा-पंधरा वर्षं खेळ लिहिले.

आणि एक गंमत. पहिला घरचा कन्सोल, १९७२ चा मॅग्नाव्हॉक्स ओडिसी, सेलवर चालायचा! सहा जाड सेल. अडॅप्टर वेगळा घ्यावा लागे. राल्फ बेअर यांच्या या यंत्रात प्रोसेसर नव्हता, आवाज नव्हता, रंग नव्हता. मैदानाचं चित्र छापलेला प्लॅस्टिकचा कागद टीव्हीच्या काचेवर लावायचा आणि गुण स्वतः कागदावर मांडायचे. पेटीत फासे आणि पत्तेसुद्धा दिलेले असत.

लेखात नसलेला आणखी एक रकाना मी सुचवते: खेळ किती पटकन थांबवता येतो? टीव्हीसमोर माणूस वेळ काढून बसतो. हातातलं यंत्र तो दोन कामांच्या मधे काढतो, आणि कुणीतरी हाक मारली की ठेवतो. थांबवण्याचं बटण हातातल्या यंत्राने शोधलं असंही नाही, फेअरचाइल्डच्या घरच्या कन्सोलवर ते १९७६ मध्येच होतं. पण जिथल्या तिथे झोपी जाणं ही हातातल्यांची खासियत. डीएस मिटला की खेळ जागच्या जागी थबकायचा, उघडला की तिथूनच पुढे. सोनीच्या हातातल्या पीएसपीची कळ वर सरकवली की तेच. घरच्या कन्सोलमध्ये खेळ असाच मधे सोडून नंतर उचलण्याची सोय सर्रास व्हायला आणखी दहाएक वर्षं गेली. म्हणजे इथेही पाणी खालून वर गेलं.

तिसरा रकाना शेजारच्या माणसाचा. घरच्या कन्सोलवर दोघे एका पडद्याकडे बघत खांद्याला खांदा लावून बसतात, ती मजा हातातल्या यंत्रात नाही. हे मान्य करायलाच हवं. गेम बॉयने दुसरा रस्ता काढला: बाजूला एक छोटं छिद्र आणि त्यात एक वायर. दोघांचे दोन पडदे, एकाला दुसऱ्याचं दिसत नाही. लपवाछपवीचे खेळ एका टीव्हीवर होऊच शकत नाहीत! १९९६ मध्ये प्राणी गोळा करायचा पोकेमॉन हा खेळ आला तेव्हा गेम बॉय सात वर्षांचा होता, पडदा तोच चार छटांचा, आणि तिकडे सोनीचा घरचा प्लेस्टेशन सीडीवरून त्रिमिती चित्रं दाखवत होता. तरीही पोरं वायर घेऊन फिरायला लागली, कारण खेळ लाल आणि हिरवा अशा दोन कॅसेटींत मुद्दाम वाटलेला होता, आणि काही प्राणी अदलाबदलीशिवाय मिळतच नव्हते. याचा उलटा पुरावाही आहे. सुपर गेम बॉय नावाची जोडणी १९९४ मध्ये निघाली होती. सुपर निन्टेन्डोत ती खोचली की गेम बॉयची कॅसेट टीव्हीवर दिसायची. आत खराखुरा गेम बॉयचा प्रोसेसर होता, फक्त घड्याळ घरच्या कन्सोलकडून घेतलेलं, त्यामुळे खेळ सव्वादोन-अडीच टक्के जलद पळायचा. पण वायरचं छिद्र काही दिलं नव्हतं. पडदा मोठा झाला, रंग चढले, आणि पोकेमॉनची अदलाबदल बंद! ते छिद्र मिळालं १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत, तेही फक्त जपानमध्ये.

घरचा कन्सोल तसाच्या तसा हातात द्यायचे प्रयोग स्विचच्या कितीतरी आधी झालेत, तेही लेखात यायला हवे होते. टर्बोएक्सप्रेस १९९० चा, घरच्या यंत्राची खेळांची कार्डं त्यात थेट चालायची. सेगाचा नोमॅड १९९५ चा, त्यात सेगाच्याच घरच्या मेगा ड्राइव्हच्या कॅसेटी चालायच्या. तुमच्या तक्त्यानुसार या दोघांनी मैदान मारायला हवं होतं, कारण त्यांच्यात आणि घरच्या कन्सोलमध्ये रकान्यांपुरता काहीच फरक नाही. नोमॅडचे सहा सेल दोन-तीन तासांत संपायचे, आणि टीव्हीसाठी लिहिलेली अक्षरं त्या एवढ्याशा पडद्यावर डोळे बारीक करून वाचावी लागायची. खेळ ज्या पडद्यासाठी लिहिला त्या पडद्यावरून उचलला की असं होतं. योकोईंचाही हात एकदा पोळला. १९९५ चा व्हर्च्युअल बॉय, नुसत्या लाल रंगाचा, सेलवर चालणारा, पण टेबलावर ठेवून त्यात डोळे खुपसून बसायचं. ना धड घरचा ना धड हातातला. आठ लाखही खपला नाही.

नव्या शतकाबद्दल थोडक्यात. पीएसपीचा प्रोसेसर ३३३ मेगाहर्ट्झ धावू शकत होता, पण बॅटरी वाचवण्यासाठी सोनीनेच खेळांना २२२ ची मर्यादा घालून ठेवली होती. ती २००७ मध्ये उठवली. तुमच्या तक्त्यात अर्थातच ३३३ छापलंय. डीएसचे दोन प्रोसेसर ६७ आणि ३३ चे. डीएस १५ कोटी ४० लाख गेले, पीएसपी आठ कोटींच्या आसपास. पीएसपी वाईट होता असं कुणी म्हणू नये, त्याचा पडदा त्या काळी बघत राहावा असा होता. पण खेळाची चकती फिरवायला त्यात मोटर होती, आणि मोटरला वीज लागते.

आता स्विच. ‘उणीव भरून निघाली’ म्हणजे नेमकं काय? टीव्हीला जोडलेला असताना त्याचा चित्रांचा प्रोसेसर ७६८ मेगाहर्ट्झवर चालतो. हातात घेतला की सुरुवातीला ठरवलेला वेग ३०७, म्हणजे निम्म्याहून कमी. पडदाही मुद्दाम ७२० रेघांचाच ठेवला, कारण त्याहून बारीक ठिपके भरायला लागणारी वीज बॅटरीत नाही. म्हणजे जुनी तडजोड गेलेली नाही, एकाच डब्यात दोन यंत्रं बसवली आणि खोबणीतून काढता क्षणी एकाचं दुसरं होतं. हे कौशल्याचं काम आहे, यात वाद नाही. पण पहिला स्विच एका चार्जवर अडीच ते साडेसहा तास चालायचा, २०२५ चा स्विच २ दोन ते साडेसहा तास. पहिल्या स्टीम डेकच्या (हातात धरायचा गेमिंग संगणक) ४० वॅट-तासांच्या बॅटरीवर जड खेळ लावला तर दोनेक तासांत चार्जर शोधावा लागतो. १९८९ चे ते पंधरा तास या तिघांपैकी कुणीही परत आणलेले नाहीत. आणि २०१९ मध्ये त्याच कंपनीने स्विच लाइट काढला, जो टीव्हीला जोडताच येत नाही. हातातला कन्सोल ही नुसती उणीव असती तर ती विकत कोण घेतं?

तेव्हा हा तक्ता पुन्हा छापणार असाल तर बिटांचा रकाना काढून टाका. लिंक्स आठ बिट की सोळा यावर लोक अजून भांडतात, कारण त्याचा मुख्य प्रोसेसर आठचा आणि चित्रांचा सोळाचा. त्याऐवजी हातातल्या यंत्रांसाठी चार नवे रकाने करा: एका भरणीत किती तास, उन्हात दिसतं का, जिथल्या तिथे थांबवता येतं का, आणि दुसऱ्याशी कसं जोडायचं. घरच्यांचा तक्ता वेगळा असू द्या, त्यात किती जण एकत्र बसू शकतात हा रकाना घाला. स्विचचं नाव दोन्हीकडे लिहा, आकडे दोन्हीकडे वेगवेगळे येतील.

आणि दोन चुका मात्र तक्त्याची वाट न बघता दुरुस्त कराव्यात. बदलत्या कॅसेटींचा पहिला हातातला कन्सोल गेम बॉय नव्हे. १९७९ चा मायक्रोव्हिजन दहा वर्षं आधीचा, १६ गुणिले १६ ठिपक्यांचा, आणि त्याचा प्रोसेसर चक्क कॅसेटमध्ये असायचा. तसंच घरच्या कन्सोलमध्ये प्रोग्रॅम भरलेली कॅसेट पहिल्यांदा अटारीने आणली नाही. ती १९७६ मध्ये फेअरचाइल्डच्या चॅनल एफमध्ये आली, आणि ते काम करणाऱ्या चमूचे प्रमुख होते जेरी लॉसन. त्यांचं नाव लेखात कुठेच नाही, ते दुरुस्तीत यावं ही विनंती.

आपली,
एक निवृत्त इलेक्ट्रॉनिक्स शिक्षिका